शून्य गुणांचा हंगाम

हरून तळाला जाणारे संघ प्रत्येक खेळात असतात. जिंकत जिंकत तळाला जाण्याचा योग मात्र क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. ऑस्ट्रेलियातील 'मेलबर्न स्टॉर्म' या व्यावसायिक रग्बी लीग क्लबच्या वाट्याला तो २०१० च्या हंगामात आला. त्या वर्षी या संघाने २४ सामन्यांपैकी १४ जिंकले. नेहमीच्या हिशेबाने तो पाचवा आला असता आणि अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यात खेळला असता. प्रत्यक्षात गुणतक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य होते, आणि स्थान होते शेवटचे. या विचित्र हंगामाला दीड दशक उलटून गेले आहे. तरीही त्याने उभे केलेले प्रश्न शिळे झालेले नाहीत. क्रिकेटपटूंचे जाहीर लिलाव पाहण्याची सवय जडलेल्या आपल्या देशाला तर ते अधिकच लागू आहेत.

रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. त्याचा जन्मच पैशाच्या वादातून झाला. उत्तर इंग्लंडमधील गिरणीकामगार आणि खाणकामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी, असे तेथील क्लबांचे म्हणणे होते. हौशीपणाचे सोवळे पाळणाऱ्या वरिष्ठ संघटनेला ते मान्य नव्हते. अखेर १८९५ साली हडर्सफील्ड येथे या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १९०८ मध्ये सिडनीतही या खेळाची साखळी सुरू झाली. खेळाडूला पैसा द्यावा की नाही, या वादातून जन्मलेल्या खेळापुढे शतकानंतर प्रश्न उभा राहिला तो, पैसा किती द्यावा हा.

त्याचे उत्तर म्हणून ऑस्ट्रेलियात १९९० पासून वेतनमर्यादा आली. एका क्लबने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून ठराविक रकमेपेक्षा अधिक खर्च करू नये, असा हा नियम. धनिक क्लबांनी सारे उत्तम खेळाडू खरेदी केले, तर उरलेल्यांनी मैदानात उतरायचे कशासाठी, हा त्यामागचा विचार. म्हणजे ही मर्यादा केवळ जमाखर्चाची बाब नव्हे. सामना सुरू होण्यापूर्वीच त्याचा निकाल तिजोरीत लागू नये, याची ती हमी आहे.

ही हमी मेलबर्नच्या व्यवस्थापनाने मोडली. खेळाडूंशी झालेले काही करार संघटनेला दाखवायचे आणि वरकड रकमांचे कागद वेगळ्या कपाटात ठेवायचे, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला होता. २२ एप्रिल २०१० रोजी तो उघड झाला, आणि त्याच दिवशी शिक्षाही जाहीर झाली. २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदे काढून घेण्यात आली, जबर दंड झाला, चालू हंगामात मिळवलेले आठ गुण रद्द झाले, आणि उरलेल्या हंगामात कितीही सामने जिंकले तरी एकही गुण मिळणार नाही, असे सांगण्यात आले. मर्यादेपेक्षा सुमारे १७ लाख डॉलर अधिक दिले गेल्याचा प्रारंभीचा अंदाज होता. जुलैमध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल आला तेव्हा हा आकडा ३१ लाखांच्या पुढे गेला.

शिक्षा कठोर होती यात शंका नाही. पण ती अन्याय्य होती असे म्हणता येणार नाही. २००२ मध्ये कँटरबरी क्लबचे याच अपराधासाठी ३७ गुण कापले गेले होते, तेव्हा नियम ठाऊक नव्हता ही सबब कोणालाही नव्हती. २००७ च्या अंतिम सामन्यात मॅनली आणि २००९ च्या सामन्यात पॅरामाटा हे संघ मेलबर्नकडून हरले होते. त्यांच्या खेळाडूंना आपण खेळाने हरलो की पैशाने, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. काढून घेतलेली अजिंक्यपदे त्यांना देण्यात आली नाहीत. ती दोन्ही वर्षे विजेत्यांच्या यादीत कोरीच राहिली. लबाडीचा खरा तोटा हाच, की ती निस्तरल्यानंतरही फसवल्या गेलेल्याला त्याचे हक्काचे परत मिळत नाही.

परंतु शिक्षा करणारा कोण, हा प्रश्न उरतोच. मेलबर्न क्लबची मालकी 'न्यूज लिमिटेड' या वृत्तपत्रसमूहाकडे होती, आणि संपूर्ण स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेतही त्याच समूहाचा निम्मा वाटा होता. क्लबच्या चार स्वतंत्र संचालकांनी या शिक्षेला न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा मालकाने जुलै महिन्यात त्यांनाच दूर केले, आणि आव्हान तेथेच संपले. शिक्षा योग्य असेलही. पण आरोपीचा मालक आणि न्यायासनाचा भागीदार एकच असला, तर योग्य निकालावरही संशयाची सावली पडते. २०१२ मध्ये स्वतंत्र आयोग स्थापन होऊन ही भागीदारी संपली, हे त्या देशाला सुचलेले उशिराचे शहाणपण होय.

या साऱ्यात खेळाडूंचे काय झाले? शिक्षेनंतर तिसऱ्याच दिवशी न्यूझीलंडच्या वॉरियर्स संघाशी सामना होता. गुण मिळणार नव्हते, बढती नव्हती, चषक नव्हता. मेलबर्नने तो सामना ४० विरुद्ध ६ असा जिंकला. त्यानंतरही सबंध हंगामभर कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक यांच्यासारखे खेळाडू दर आठवड्याला अंग मोडून घेत राहिले, आणि मेलबर्नचे प्रेक्षक तिकीट काढून ते पाहायला येत राहिले. फलाची आशा न धरता कर्म करावे, हे सांगणे सोपे असते. फल मिळणार नाही हे लेखी कळवल्यानंतर ते करून दाखवणे निराळे. हंगाम संपल्यावर मर्यादेत बसण्यासाठी ग्रेग इंग्लिससारखा मोहरा क्लबला सोडावा लागला. प्रशिक्षक क्रेग बेलामी यांनी उरलेल्यांना हाताशी धरून २०१२ चे अजिंक्यपद पुन्हा मिळवले. त्या विजयाचा पाया शून्य गुणांच्या हंगामात घातला गेला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

आपल्याकडे याहून वेगळे घडलेले नाही. आयपीएल सुरू झाली तेव्हा क्रिकेट मंडळाने आपला नियम बदलून पदाधिकाऱ्यांना संघांत हितसंबंध ठेवण्याची मुभा दिली. तो बदल रद्द करण्यासाठी जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. त्याच वर्षी लोढा समितीने सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान या संघांच्या मालकांना दोन वर्षांसाठी दूर ठेवले. त्या रिकाम्या जागेमुळेच पुण्याला २०१६ आणि २०१७ या दोन हंगामांपुरता संघ मिळाला. २०१७ चा अंतिम सामना तो मुंबईकडून एका धावेने हरला आणि मुदत संपताच अस्तंगत झाला. पुणेकरांनी जीव लावलेला संघ कोणाच्या तरी शिक्षेची फट बुजवण्यापुरता होता!

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न मेलबर्नप्रमाणेच मुंबईतही विचारावा लागतो. नियम मोडल्यास शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती नावाला नव्हे तर झोंबेल अशी झाली पाहिजे. मात्र ती करणारा हात कोणत्याही संघाच्या खिशात असता कामा नये, आणि तो पाच वर्षांनी नव्हे तर पहिल्याच खोट्या कागदापाशी पोहोचला पाहिजे. तसे झाले नाही की हिशेब लिहिणाऱ्यांच्या पापाची किंमत घाम गाळणाऱ्यांना आणि तिकीट काढणाऱ्यांना मोजावी लागते. मेलबर्नच्या खेळाडूंनी ती तक्रार न करता मोजली. पण खेळाडूंच्या सहनशीलतेवर विसंबून कोणत्याही खेळाचा कारभार चालवता येत नाही.