खण उथळ हवेत

हत्यारांची पेटी घ्यायला निघालेला माणूस दुकानात हमखास विचारतो, "याच्याहून मोठी आहे का?" पैसा इथेच वाया जायला लागतो. घरच्या वर्कशॉपसाठी बेताच्या पैशात पेटी घ्यायची असेल तर मोठीच्या मागे लागू नका, आणि खोल पेटी तर मुळीच घेऊ नका. उथळ खणांची घ्या.

खोल पेटीत हत्यारं एकावर एक साचतात. वर हातोडी, तिच्याखाली पक्कड, आणि पार तळाशी दहा-अकराचा पाना. तो हवा असला की सगळी पेटी उपसा. या उपसाउपशीत पटाशीची धार हातोडीच्या डोक्यावर आपटते, गुण्याचा काटकोन बिघडतो आणि पुढची चार कामं तिरकी होतात. शेवटी माणूस कंटाळतो आणि बाजारातून नवा पाना आणतो. एकाच मापाचे तीन-तीन पाने असलेली घरं मी कितीतरी पाहिली आहेत.

५० ते ७५ मिलिमीटर खोलीच्या खणात हत्यारांचा एकच थर मावतो. खण ओढला की पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळं डोळ्यांसमोर; जे जागेवर नाही तेही लगेच कळतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात गर्स्टनर ही कंपनी १९०६ पासून यंत्रकारागिरांसाठी लाकडी पेट्या बनवते. मायक्रोमीटर, कॅलिपर अशी नाजूक मोजमापाची हत्यारं ठेवायला त्यांत उथळ खणांची रांग असते. ती पेटी आपल्या खिशाला झेपणारी नाही, पण तिची मांडणी उचलायला पैसे पडत नाहीत. फक्त तिच्या खणांत असतं तसं लोकरी कापड आपल्याकडे घालू नका. पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं आणि हत्यारं खालच्या अंगाने गंजतात. त्याऐवजी ईव्हीए फोमची पातळ शीट कापून बसवा. ती पाणी पीत नाही.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत गेलात की साधारण तीन तऱ्हा दिसतील. प्लॅस्टिकची पेटी शेकड्यांत मिळते. ती हलकी आहे, गंजत नाही, पण बाल्कनीच्या उन्हात ठेवली तर कालांतराने ठिसूळ होते आणि कड्या तुटतात. दुसरी, पायऱ्यांसारखी दोन्ही अंगांना उघडणारी पत्र्याची पेटी. ज्याला घरोघर काम करत फिरायचं आहे त्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनसाठी ती उत्तम. एका जागी उभं राहून काम करणाऱ्याला मात्र तिची अडचणच होते, कारण उघडली की ती अर्धं टेबल व्यापते. तिसरी खणांची. हीच आपल्या कामाची, आणि हिच्यातच फसवणूक जास्त.

खण किती आहेत हे मोजत बसू नका. पत्रा आणि खण ज्यावर सरकतो ते चॅनल बघा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ: २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे सुमारे ०.७. दुकानदाराला गेज सांगता आलं नाही तरी बिघडत नाही. ०.९ मिलिमीटरचा एक चौरस मीटर पत्रा सुमारे ७ किलो भरतो, ०.७ चा साडेपाच किलो. म्हणून सारख्याच आकाराच्या दोन पेट्या उचलून पाहिल्या की हातच उत्तर देतो. मग एक खण पूर्ण बाहेर ओढा आणि पुढच्या काठावर तळहाताने दाबा. खण खाली झुकला किंवा डावी-उजवीकडे हलला तर चॅनल कच्चं आहे. पाने भरल्यावर ते वर्षभरही धड चालणार नाही. खणाच्या तळाला मधोमध अंगठ्याने दाबून पाहा. 'टप्' आवाज करून पत्रा आत जात असेल तर ती पेटी सोडा, रंग कितीही झकास असो. आणखी एक, भरलेले दोन-तीन खण एकदम ओढले तर पेटी पुढे कलंडते आणि पायावर येते. एका वेळी एकच खण उघडू देणारी कळ असेल तर तिच्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ती नसेल तर ड्रिल मशीन आणि जड पाने सगळ्यात खाली ठेवा.

माप ठरवायला खंडेनवमीसारखा दिवस नाही. पूजेसाठी हत्यारं बाहेर निघालेलीच असतात. पुसून, तेलाचा हात फिरवून ती सतरंजीवर एका थरात मांडा आणि टेप लावा. तेवढी जागा आणि वर तिसरा हिस्सा जादा, बस. कोकणात आणि मुंबईत तेलाचं फडकं वर्षातून एकदा फिरवून भागत नाही. पेटीत कापूर टाकण्याची जुनी रीत आहे, ती जरूर पाळा. पण पावसाळ्याचे चार महिने भरवसा तेलावरच ठेवा आणि पेटी भिंतीपासून चार बोटं लांब उभी करा.

दुकानातल्या पेट्या परवडत नसतील तर जुन्या ऑफिस-फर्निचरच्या बाजारात जा. कार्यालयांतून निघालेली लोखंडी खणांची कपाटं तिथे मिळतात. त्यांचा पत्रा आजच्या स्वस्त पेट्यांपेक्षा बहुधा जाड असतो, आणि कुरकुरणारे खण साफ करून ग्रीस लावलं की पुष्कळदा सुरळीत चालतात. ज्याच्या हाताला करवतीची सवय आहे त्याने तर पेटी घरीच बनवावी. १२ मिलिमीटरचा प्लाय आणि बॉल-बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलच्या जोड्या घ्या. खर्चाची काटकसर प्लायमध्ये करा, चॅनलमध्ये करू नका. चॅनलला दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटर जागा लागते, म्हणून खणाची रुंदी आतल्या मापापेक्षा २५ मिलिमीटर कमी धरा. अर्धा मिलिमीटर सैल झाला तर निभावतं, घट्ट झाला तर खण अडतो आणि रंधा पुन्हा हातात घ्यावा लागतो.