खुर्ची नाकारणारा मुत्सद्दी

मोठे पद चालून आले की माणूस आधी ते घेतो आणि समर्थन नंतर शोधतो. पद नाकारून त्याचे कारण चारचौघांत सांगणारे विरळाच. अमेरिकेचे कृष्णवर्णीय मुत्सद्दी डॉ. राल्फ बंच हे त्या विरळांपैकी एक. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना सहायक परराष्ट्रमंत्रिपद देऊ केले. बंच यांनी नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये नोकरी म्हणजे वॉशिंग्टनमध्ये राहणे आले. त्या राजधानीत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि उपाहारगृहांची दारे त्यांना बंद होती. जगापुढे लोकशाहीची बाजू मांडायची आणि आपल्याच मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचे, हे त्यांना मान्य नव्हते.

हा नकार देणारा माणूस कोण होता? डेट्रॉइटच्या एका न्हाव्याचा मुलगा. १९१७ साली आई गेली आणि आजी लुसी जॉन्सन यांनी लॉस एंजेलिसमध्ये त्याला वाढविले. १९२७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेतून तो पहिला आला. हार्वर्डला जायचे तर तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीने वर्गणी काढून एक हजार डॉलर जमविले. वस्तीने पै पै जोडून शिकायला पाठविलेला मुलगा म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको! १९३४ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. अमेरिकेत राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. प्रबंधाचा विषय होता टोगोलँड आणि डाहोमी इथला फ्रेंच कारभार. गुलाम देशांचा अभ्यास त्यांनी राज्यकर्त्यांच्या चष्म्यातून केला नाही.

१९३६ साली स्थापन झालेल्या नॅशनल निग्रो काँग्रेसच्या उभारणीत बंच होते. पुढे मतभेद होऊन ते बाहेर पडले. याच संघटनेने १९४६ साली संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांची कैफियत मांडली. त्या निवेदनाच्या प्रती मिळाव्यात म्हणून बाबासाहेबांनी त्याच वर्षी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन खंडांतले दोन लढे एकमेकांकडे डोळे लावून होते, याचा हा लेखी पुरावा आहे.

संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाली. तिच्यातील परतंत्र प्रदेशांविषयीच्या प्रकरणांवर बंच यांनी काम केले. १९४८ साली पॅलेस्टाइनचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली. बंच त्यांना वाटेत भेटणार होते. उशीर झाला म्हणून ते वाचले आणि मध्यस्थीची जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर आली. ऱ्होड्स बेटावर त्यांनी इजिप्त आणि इस्रायलला वाटाघाटीला बसविले. फेब्रुवारी ते जुलै १९४९ या काळात इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरिया यांचे इस्रायलशी एकामागून एक युद्धविराम करार झाले. १९५० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. कोणतेही नोबेल मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

आम्ही व्यक्तिपूजा करीत नाही, म्हणून उणेही मांडतो. त्या करारांनी तोफा थांबल्या, पण निर्वासित पॅलेस्टिनींना घर मिळाले नाही. १९६० साली काँगोत संयुक्त राष्ट्रांची मोहीम उभारताना पंतप्रधान लुमुंबा यांच्याशी त्यांचे सूर जुळले नाहीत, आणि पुढच्या जानेवारीत लुमुंबांची हत्या झाली. बंच गोऱ्यांच्या व्यवस्थेत फार सुखाने बसले आहेत, अशी टीका साठच्या दशकातील जहाल तरुणांनी केली.

ती टीका पूर्ण न्याय्य नाही, याला १९५९ ची साक्ष आहे. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स येथील टेनिस क्लबने बंच यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले. कृष्णवर्णीय आणि ज्यू तिथे चालत नव्हते. बंच यांनी ही गोष्ट जाहीर केली. गहजब झाला, क्लबच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि सन्मानाने निमंत्रण आले. बंच यांनी तेही नाकारले. दार उघडले होते ते नोबेलविजेत्याच्या नावासाठी. मोटार चालविणाऱ्या वा झाडलोट करणाऱ्या कृष्णवर्णीयाच्या मुलासाठी ते बंदच होते. एकाला दिलेली सूट ही मेहरबानी असते, हक्क नव्हे.

वकिली करताना हा फरक आम्हाला रोज दिसतो. वॉशिंग्टनचेच पाहा. उपाहारगृहांतील भेदभावाला बंदी करणारे कायदे तिथे १८७२ आणि १८७३ सालीच झाले होते. ते दप्तरात पडून राहिले. कार्यकर्त्यांनी खटला उभा केला, तेव्हा ते कायदे आजही जिवंत आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली सांगितले. तिथल्या शाळांतील विभागणी १९५४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरली. हे एका मोठ्या माणसाच्या नेमणुकीने घडले नाही. ते घडले फिर्यादी झालेल्या सामान्य आईबापांमुळे, निदर्शकांमुळे आणि त्यांच्या वकिलांमुळे. बंच यांनाही हे उमगले होते. १९६५ साली, साठी उलटलेली आणि प्रकृती खालावलेली असताना, ते सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चालले. ९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपला माणूस वरच्या खुर्चीवर बसला की आपण हारतुरे घेऊन धावतो. आनंद जरूर व्हावा. पण हार घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: त्याच्यासाठी नियम बदलला, की फक्त अपवाद केला? नियम बदलला असेल तर त्याच्या मागून वस्ती आत येईल. अपवाद केला असेल तर दार पुन्हा लागेल, आणि बाहेर उभे असू ते आपणच.