पिवळी पडलेली मूठ: वय की आजार?

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी कुठल्याही छावणीत एक फेरी मारा. दगडांना चुना, विटांना गेरू, पितळेला ब्रासो. हलेल त्याला सलाम आणि न हलेल त्याला रंग, हा फौजेतला जुना विनोद उगीच नाही. बकल आणि बुटांसाठी ही सवय उत्तमच. पण तीच सवय घरातल्या जुन्या वस्तऱ्यावर चालवली, तर नुकसान ठरलेले.

कितीतरी माजी सैनिकांच्या घरी आजोबांची ट्रंक असते. तीत शेफील्ड किंवा झोलिंगेनच्या पात्याचा वस्तरा, शेजारी पदके, डिस्चार्ज बुक, एखादा फोटो. मूठ पिवळी किंवा तपकिरी दिसली की पहिला हात पॉलिशकडे नाहीतर ब्लीचकडे जातो. माझे म्हणणे असे की आधी मूठ कशाची आहे ते पाहा. रंग बदलणे कधी वयाचे लक्षण असते, कधी आजाराचे. वयाला छेडू नये आणि आजाराला सवड देऊ नये.

हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो, उजेडात फिका राहतो. बंद ट्रंकेतली मूठ पिवळी होणारच. ब्लीचने ती खडूसारखी कोरडी पांढरी होते, पाण्यात भिजवली तर तडकते. मऊ कोरडे फडके पुरे. विकण्याचा विचार मात्र नको. भारतात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे. शिंग कोरडे पडून फिकट होते, त्याला तेलाचा हलका हात पुरतो. काळे एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, ऊन आणि दमटपणाने तपकिरी-हिरवट होते. घासून काळेपणा परत येतो, पण मुठीवरची नक्षी झिजते. माझ्या मते खाकी झालेली मूठ खाकीच राहू द्यावी.

खरा शत्रू सेल्युलॉइड. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी ते बाजारात आणले. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे हे मिश्रण हुबेहूब हस्तिदंतासारखे दिसते. फक्त त्यातल्या रेघा आखून काढल्यासारख्या सरळ आणि समांतर असतात. ते कुजू लागले की आम्लाची वाफ सोडते. मूठ गढूळ किंवा तपकिरी होते, चिकट लागते, बारीक चिरा पडतात, झोंबरा वास येतो. मिटल्यावर पात्याचा जो भाग मुठीत जातो, नेमका तिथे गंज चढतो. ही वाफ शेजारच्या वस्तूंनाही सोडत नाही. पदकांचा धातू, रिबन, कागद, फोटो, सगळ्यांना ती खाते.

अशी मूठ पॉलिशने बरी होत नाही. तिचा फोटो काढा, मापे घ्या, रिव्हेट काढून पाते मोकळे करा, पुसून त्याला तेल लावा आणि नवी मूठ बसवून घ्या. काही जण म्हणतात, मूळ मूठ काढली की वस्तूचा आत्मा गेला. मला हे पटत नाही. कुजलेली मूठ ठेवली तर पातेही जाईल आणि पदकेही.

आणि सुई तापवून परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जुन्या सिनेमाची नायट्रेट फिल्म याच जातीची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात अशा फिल्मचा मोठा साठा जळाला. वस्तऱ्याची मूठ लहान असते, पण पेट तसाच घेते.

म्हणून आज एवढे करा. मूठ कशाची आहे हे नक्की कळेपर्यंत वस्तरा पदकांच्या पेटीतून बाहेर काढा आणि साध्या कागदात सैल गुंडाळून थंड, हवेशीर जागी वेगळा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पिवळेपणाचे काय करायचे, ते नंतर सावकाश ठरवता येईल.