नवी गाडी जपायची म्हणजे नेमके काय करायचे?

पाडव्याला किंवा दसऱ्याला कोणत्याही शोरूमसमोर घटकाभर उभे राहावे. बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे, पेढ्यांचा बॉक्स, मोठ्या किल्लीसह सहकुटुंब फोटो, सगळे यथासांग पार पडते. मग फोन गाडीला कसा जोडायचा, मागचा कॅमेरा कसा दिसतो, हेही विक्रेता समजावून सांगतो. इंजिनाच्या पहिल्या हजार किलोमीटरबद्दल मात्र सहसा अवाक्षर निघत नाही. ते काम मग सोसायटीतले काका, ओळखीचा मेकॅनिक आणि घरचे मेहुणे वाटून घेतात. एक सांगतो, हजार किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर जायचे नाही. दुसरा म्हणतो, रोज सकाळी अर्धा तास जागेवर चालू ठेव, इंजिन मोकळे होईल. तिसऱ्याच्या मते हे सगळे फियाट-अॅम्बेसिडरच्या काळातले. आताच्या गाड्यांना काही लागत नाही, बिनधास्त पळव.

तिघांचेही चुकते. त्यातही गाडीला सर्वाधिक जपणारा वाटतो तो जागेवर चालू ठेवण्याचा सल्ला सर्वांत वाईट आहे. का, ते समजायला इंजिनाच्या आत डोकवावे लागेल.

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असते, असा समज आहे. प्रत्यक्षात कारखान्यात होनिंग करताना तिच्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा मुद्दाम पाडतात. या रेघांत तेल धरून राहते. रेघांमधले सूक्ष्म उंचवटे पिस्टनच्या रिंगा वरखाली होताना घासले जातात, सपाट होतात, आणि रिंग भिंतीला सगळीकडून नीट टेकू लागते. रनिंग-इन म्हणतात ते मुख्यतः एवढेच.

पण हे टेकणे आपोआप होत नाही. रिंगेला स्वतःचा थोडा ताण असतो, तो पुरेसा नाही. तिला खरा जोर मिळतो ज्वलनातून तयार होणाऱ्या वायूंकडून. हे वायू रिंगेच्या मागच्या फटीत शिरतात आणि तिला भिंतीवर दाबतात. इंजिनावर भार असेल तर हा दाब मोठा. गाडी जागेवर उभी असेल तर अगदीच कमी. मग रिंग तेलावर नुसती तरंगत राहते, भिंतीवरचे तेल नीट खरवडले जात नाही आणि ते तिथेच भाजून चिकट, चकचकीत थर तयार होतो. बिडाचा नवा तवा तेल लावून तापवत मुरवतात तेव्हा हेच घडते. तव्यावर तो थर हवाच असतो. सिलिंडरमध्ये मात्र तेल धरणाऱ्या रेघाच त्याखाली बुजतात आणि रिंग टेकायची राहून जाते. मग इंजिन तेल पीत राहते आणि धुराला निळसर छटा येते. हा थर पक्का बसला तर इंजिन उघडून पुन्हा होनिंग करण्यावाचून गत्यंतर नसते. नवी कोल्हापुरी चप्पल कपाटात ठेवून मऊ होत नाही, ती घालून चालावेच लागते. फक्त पहिल्याच दिवशी सिंहगड चढायचा नसतो.

याचा उत्तम दाखला विमानांत मिळतो. छोट्या विमानांची पिस्टन इंजिने बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या सूचना अशा आहेत की, नवे इंजिन साधारण ६५ ते ७५ टक्के शक्तीवर चालवावे आणि पहिले ५० तास किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत साधे खनिज तेल वापरावे. हळू उडवा, जपा, असे तिथे कोणी सांगत नाही. मोटारीचे इंजिन वेगळे, थंडावा पाण्याचा, तेल वेगळे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. पण रिंगेला दाब लागतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

आता तिसऱ्या सल्लागाराकडे वळू. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पूर्वी इंजिनाच्या भागांचे माप आजइतके काटेकोर नव्हते. ब्रिटनमध्ये तर नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ची पाटी लावून मागच्यांना पुढे जायला सांगत. आज बऱ्याच कारखान्यांत होनिंगनंतर वरचे उंचवटे आधीच छाटून घेतात, म्हणजे मालकाच्या वाट्याचे बरेचसे काम कारखानाच करतो. नवे इंजिन पुष्कळ चुका पोटात घालते. तरीही, वॉरंटीचा खर्च ज्यांना सोसावा लागतो त्या कंपन्यांनी ही सूचना पुस्तिकेतून काढलेली नाही. सुझुकीच्या पुस्तिकांत पहिल्या ९६० किलोमीटरचा उल्लेख असतो (हा विचित्र आकडा ६०० मैलांचा आहे, बाकी त्यात गूढ काही नाही). होंडा १००० किलोमीटर सांगते. बीएमडब्ल्यूच्या जोरकस ‘एम’ गाड्यांना सुमारे २००० किलोमीटरनंतर खास तपासणीसाठी बोलावतात आणि तेल बदलतात. मजकूर मात्र सगळीकडे जवळपास सारखाच: पूर्ण अॅक्सिलरेटर दाबू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका, वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रखडवू नका, मागे ओझे ओढू नका.

‘एकाच वेगाने नको’ ही यातली सर्वांत दुर्लक्षित सूचना. नवी गाडी घेतली की घरच्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जायची घाई असते. तिथे सपाट भागात शंभरवर क्रूझ कंट्रोल लावून तासभर एकाच लयीत जाणे, हेच टाळायचे आहे. त्यापेक्षा जुना महामार्ग बरा. गावे येतात, गिअर बदलतात, वेग ४० वर येतो, पुन्हा ७० वर जातो, इंजिनावरचा भार चढतो-उतरतो. इंजिन गरम झाल्यावर मधूनमधून अर्धा-पाऊण अॅक्सिलरेटर देऊन वेग वाढवायला आणि मग पाय काढून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यायला हरकत नाही. चाळीसची मर्यादा पाळणारे काका पाचव्या गिअरमध्ये धडधडत जातात तेव्हा रिंगेचेही भले होत नाही आणि बेअरिंगचेही. उलट बिचारा टॅक्सीवाला, कर्जाच्या हप्त्यापायी पहिल्याच दिवसापासून शहरभर फिरणारा, नकळत बरेच योग्य करत असतो. खरा धोका आठवड्यातून दोनदा दूध-भाजीपुरती बाहेर पडणाऱ्या गाडीला. तिचे तेल कधी पुरेसे तापतच नाही आणि ज्वलनातले पाणी व पेट्रोलचा अंश त्यात साचत जातो.

गाडी जागेवर चालू ठेवण्याची सवय इंजिनापेक्षा माणसांना अधिक महागात पडू शकते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि उभ्या गाडीत तो सावकाश तापतो. म्हणजे सकाळचा तो अर्धा तास सर्वांत घाणेरड्या धुराने सुरू होतो, तोही पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांखाली किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये. बंद शटरच्या गॅरेजमध्ये तर हा प्रकार जीवघेणा आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, आणि उठून बाहेर जावे हे सुचेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय तेल पिणारे इंजिन वर्षानुवर्षे शहराच्या हवेत भर घालते. तेलातल्या फॉस्फरसने कन्व्हर्टरची ताकद हळूहळू मरते, मग बीएस-६चा शिक्का कागदावरच राहतो.

आणखी एक गोष्ट इंजिनाच्या चर्चेत हरवते. नव्या ब्रेक पॅडचा आणि डिस्कचाही एकमेकांशी मेळ बसावा लागतो; म्हणून अनेक पुस्तिका पहिले सुमारे ३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारायचे टाळा, असे सांगतात. कोऱ्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला जरा निसरडा असतो, पावसात तर विशेष. आणि चालकाला क्लच कुठे पकडतो, गाडीची रुंदी किती, याचा अजून अंदाज नसतो. अशा अवस्थेत सात माणसे आणि टपावर सामान घेऊन कुंभार्ली किंवा वरंधा घाट उतरायचा, तोही नवस फेडायच्या उत्साहात! देवदर्शनाला जरूर जावे. पण पहिली फेरी जवळच्या देवाची ठेवावी, माणसे कमी न्यावीत, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे आणि उतारावर गाडी गिअरमध्येच राहू द्यावी.

हजार किलोमीटरला तेल बदलून घ्या, असा आग्रह गॅरेजवाले धरतात. पुस्तिकेत तसे लिहिले असेल तर जरूर बदलावे. नसेल तर केवळ कोणी म्हणते म्हणून नको. होंडाच्या पुस्तिकेत तर ठरलेल्या वेळेआधी तेल बदलू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याऐवजी एक फुकटचे काम करावे. नवे इंजिन सुरुवातीला थोडे अधिक तेल खाऊ शकते, म्हणून दर आठवड्याला सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक काढून पातळी पाहावी. बॉनेट उघडायची सवयच सुटलेल्या पिढीला हे जड वाटेल, पण ते दोन मिनिटांचे काम आहे.

आमची मागणी छोटी आहे. घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी करणाऱ्या ग्राहकाला बहुधा इंग्रजीतली शेकडो पानांची पुस्तिका मिळते आणि ती डॅशबोर्डच्या खणात पडून राहते. त्यातले रनिंग-इनचे पान मराठीत छापून किल्लीसोबत हातात द्यावे आणि गाडी सोपवताना पाच मिनिटे त्यावर बोलावे. पुठ्ठ्याची किल्ली छापायचा खर्च परवडतो, तर हाही परवडेल. विजेवरच्या गाड्यांच्या ग्राहकांनाही हे पान द्यावे. त्यांच्या गाडीत रिंगा नाहीत, होनिंग नाही, तेल जळायचा प्रश्न नाही. ब्रेक आणि टायर मात्र तितकेच कोरे असतात, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा मिळतो.