विश्लेषण : गुण चांगले, तरी जर्मनीतील प्रवेश कागदांवर का अडतो?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, त्यामुळे अमेरिका-ब्रिटनचा खर्च न झेपणाऱ्या मध्यमवर्गीय घरांचा ओढा तिकडे वाढला आहे. मात्र पैसे वाचवणारा हा देश कागदपत्रांच्या बाबतीत कमालीचा काटेकोर आहे. त्यातच १ जुलै २०२५पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची सोय जगभर बंद केली. आता व्हिसा नाकारला गेला, तर पुन्हा नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचे. म्हणजे पहिल्याच फेरीत कागद बिनचूक हवेत. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे घोडे नेमके कुठे अडते?

एपीएस म्हणजे काय?

१ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दहावी-बारावीपासून पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का आणि त्या आधारे जर्मनीत प्रवेशाची पात्रता बसते का, याची तपासणी दिल्लीतील हे कार्यालय करते. शुल्क १८ हजार रुपये. जर्मनीने अशी पहिली यंत्रणा २००१मध्ये बीजिंगमध्ये उभारली, तीही बनावट कागदपत्रांना आळा घालण्यासाठीच.

हा संशय एकट्या जर्मनीचा नाही. २०२३मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर पोहोचलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचे प्रकरण गाजले. त्यानंतर १ डिसेंबर २०२३पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट त्या शिक्षणसंस्थेकडून करून घेऊ लागला. एजंटांच्या उद्योगांची किंमत प्रामाणिक विद्यार्थी वेळ आणि पैशाच्या रूपाने मोजत आहेत.

एपीएस एकदा मिळाले की ते अनेक विद्यापीठांच्या अर्जांना चालते. अडचण वेळेची आहे. अनेक विद्यापीठे ते व्हिसापर्यंत न थांबता प्रवेश अर्जासोबतच मागतात. योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या काही महिन्यांत अर्जांचा ढीग साचला होता आणि विद्यार्थी ताटकळले होते.

निकाल आणि १५ जुलै

हिवाळी सत्राच्या प्रवेशासाठी जर्मनीतील अनेक विद्यापीठांची अंतिम तारीख १५ जुलै असते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठासारख्या नामांकित संस्थांचे बहुतेक पदव्युत्तर अर्ज ३१ मेलाच बंद होतात. आपल्याकडे अंतिम सत्राची परीक्षा मे-जूनमध्ये संपते, निकाल त्यानंतर आणि पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभ झाल्यावर. दोन्ही वेळापत्रके एकमेकांसाठी बनलेलीच नाहीत. २०१७मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घाईने राबवला आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. परदेशी प्रवेशाच्या वाटेवर असलेल्यांची तेव्हा मोठी कोंडी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले. एरवीही, निकाल वेळेत लागला तरी हातात येते ती गुणपत्रिका. परदेशी विद्यापीठ मागते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांतील विषय, क्रेडिट आणि श्रेणी यांचा विद्यापीठाने शिक्क्यानिशी दिलेला एकत्रित दस्त. तो महाविद्यालयाच्या खिडकीवर मिळत नाही, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

त्यामुळे शेवटच्या वर्षात असलेल्यांनी उपलब्ध सत्रांचा ट्रान्सक्रिप्ट आधीच काढून ठेवणे श्रेयस्कर. एखाद्या विषयात केटी लागली असेल तर त्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही जपून ठेवावी. नापास झाल्याचा कागद फाडून टाकायची आपली जुनी सवय इथे महागात पडते. सगळे प्रयत्न दाखवा, असे सांगितले जाते तेव्हा नंतरची पासची गुणपत्रिका पुरत नाही.

चार की पाच? एका आकड्याचा खेळ

भारतीय गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर एका ठरलेल्या सूत्राने होते, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. कमाल गुणांतून विद्यार्थ्याचे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला ३ने गुणून १ मिळवायचा.

समजा, एका विद्यार्थ्याचा सीजीपीए १०पैकी ७.२ आहे. किमान उत्तीर्ण श्रेणी ४ धरली तर उत्तर येते २.४. तीच ५ धरली तर उत्तर होते २.६८. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची अट २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी अशी असते. म्हणजे तोच विद्यार्थी, तेच गुण, पण एका आकड्यामुळे एकीकडे पात्र आणि दुसरीकडे बाद.

हा आकडा ठरतो कशावरून? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पद्धतीत ४ ही उत्तीर्ण होण्याची सर्वांत खालची श्रेणी आहे. पण सगळ्या विद्यापीठांचे नियम सारखे नाहीत. काही ठिकाणी विषयात उत्तीर्ण होण्याची श्रेणी वेगळी आणि पदवीसाठी लागणारा किमान सीजीपीए वेगळा असतो. ट्रान्सक्रिप्टच्या मागे श्रेणींचा तक्ता छापलेला नसेल, तर तिकडचा अधिकारी स्वतःच्या माहितीवरून किमान गुण ठरवतो. म्हणून किमान उत्तीर्ण श्रेणी लेखी नमूद केलेले परीक्षा नियंत्रकांचे पत्र सोबत असावे. भाषेच्या परीक्षेत अर्धा बँड वाढवण्यासाठी हजारो रुपये मोजणारे या एका पत्राचा विचारही करत नाहीत.

पॉलिटेक्निक करून आलेल्यांचे काय?

दहावीनंतर डिप्लोमा आणि मग थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही महाराष्ट्रातील लाखो घरांची ओळखीची वाट. या विद्यार्थ्यांकडे बारावीची गुणपत्रिका नसते आणि पदवीचा ट्रान्सक्रिप्ट तिसऱ्या सत्रापासून सुरू होतो. जर्मन अधिकाऱ्याला मात्र त्यात पहिले वर्ष गायब दिसते. अशांनी तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका जोडाव्यात आणि थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश नियमानुसार झाला, असे महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील पत्र घ्यावे. हा खुलासा अर्जाआधीच तयार हवा. ‘कागद अपुरे’ अशी ईमेल आल्यावर मुदतीत धावपळ करणे कठीण जाते.

नावाचा घोळ

गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर स्वतःचे व वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा बिघडत नाही. खरी अडचण स्पेलिंगची. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक ‘ए’ जास्त आणि पासपोर्टवर कमी, अशी उदाहरणे घरोघरी सापडतील. शाळेने केलेली चूक मंडळाकडूनच दुरुस्त करून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचे नाव लावलेल्या मुलींना विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे लागते. मधल्या काळात राज्य सरकारने १ मे २०१४नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम बंधनकारक केला. निर्णय स्वागतार्ह आहे, पण ही मुले पदवीधर होतील तेव्हा त्यांच्या पासपोर्टवरील नाव त्याच्याशी जुळलेले असेल याची काळजी आत्ताच घ्यायला हवी.

अपोस्टिलचा खर्च टाळता येतो

परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मारून देण्याची ‘पॅकेजेस’ शहरातील अनेक एजंट विकतात. ज्या देशांना तो लागतो तिथे ठीक. पण भारत २००५मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे दोन देशांत ही व्यवस्था लागूच झाली नाही. जर्मनीसाठी विकला जाणारा अपोस्टिल म्हणजे निव्वळ भुर्दंड.

पैशांचे कागद आणि शिष्यवृत्तीचा पेच

अर्ज हाताळणाऱ्या ‘युनि-असिस्ट’चे शुल्क पहिल्या विद्यापीठासाठी ७५ युरो, त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येकासाठी ३० युरो. मोठी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटची. १ सप्टेंबर २०२४पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. युरो १०० रुपयांच्या आसपास धरला तर हे सुमारे १२ लाख. ही फी नव्हे. तिकडे गेल्यावर दरमहा ९९२ युरो विद्यार्थ्यालाच परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात.

ज्यांच्या घरात ते शक्य नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती हाच मार्ग. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. त्यासाठी बिनशर्त प्रवेशपत्र लागते. पदवी प्रमाणपत्र हातात नसलेल्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठ मात्र साधारणपणे सशर्त प्रवेश देते. अट उठवायची तर पदवी प्रमाणपत्र हवे, ते दीक्षान्त समारंभाशिवाय नाही आणि शिष्यवृत्तीची मुदत त्यासाठी थांबत नाही. हा पेच विद्यार्थ्याच्या हातातला नाही. निकालानंतर काही दिवसांत मागेल त्याला पदवी पूर्ण झाल्याचे अधिकृत पत्र देणे विद्यापीठांना आणि ते पत्र ग्राह्य धरणे समाजकल्याण विभागाला शक्य आहे.