मोर हलवू नका, मोर पाळूही नका

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
कोल्हापूर वनविभाग, कोल्हापूर

विषय : शिवाजी विद्यापीठ परिसर व लगतच्या वस्त्यांतील मोरांबाबत कार्यपद्धती ठरवून जबाबदार अधिकारी नेमण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे राजेंद्रनगर, सागरमाळ, सरनोबतवाडी आणि विद्यापीठाच्या कुंपणालगतच्या इतर वस्त्यांतले रहिवासी आहोत. आमच्यात निवृत्त प्राध्यापक आहेत, बंगलेवाले आहेत, खोली घेऊन राहणारी विद्यापीठाची मुले-मुली आहेत आणि अजून दहा-वीस गुंठे पेरणारे शेतकरीही आहेत. मोरांबद्दल आमचे एकमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. काहींना मोर हवेत, काहींना नकोत. ज्यांना हवेत, त्यांतले बरेचजण सकाळी गच्चीवर तांदूळ आणि शेव टाकतात. तरीही सगळ्यांनी सह्या केल्या, कारण मोराचे काही बरेवाईट झाले तर सांगायचे कुणाला, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा परिसर म्हणजे मुरमाड माळ होता. आज त्या ८५३ एकरांत झाडी आहे, गवताळ पट्टे आहेत, पावसाचे पाणी अडवून भरलेली तळी आहेत. मोराला याहून अधिक काही लागत नाही. रात्री बसायला उंच झाड, दाणे टिपायला मोकळी जमीन, अंडी घालायला दाट झुडूप आणि जवळपास पाणी. हे सगळे कुंपणाच्या आत मिळाले, म्हणून तो तिथे रुजला. कुंपणाबाहेरचा माळ मात्र प्लॉट पडून संपत आला. मग सकाळी आत चरणारा मोर दुपारी बंगल्याच्या बागेत आणि संध्याकाळी भुईमुगाच्या वावरात दिसू लागला, यात नवल नाही.

नवल आहे ते आमच्या व्यवस्थेचे. कुंपणाच्या आतला मोर विद्यापीठाचा, रस्त्यावर उतरला की महापालिकेचा, सरनोबतवाडीच्या शिवारात गेला की ग्रामपंचायतीचा आणि तारेला चिकटून पडला की वीज कंपनीचा. कायद्याने तो या चारही ठिकाणी आपल्याच विभागाचा आहे. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून हे निवेदन आपल्याकडे.

आमच्या तक्रारी कोणत्या, हे नीट मांडतो. कारण त्यांत खऱ्या किती आणि लाडिक किती, याचा निवाडा आपल्याला करावा लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर मोर पहाटे ओरडतो, झोप मोडते. चकचकीत गाडीत स्वतःचे प्रतिबिंब दिसले की तो दुसरा नर समजून चोच मारतो आणि दाराचा रंग उडतो. कुंड्यांतली रोपे उपटतो, सौर पॅनेलवर घाण करतो. यातल्या ओरडण्याची तक्रार आम्ही मागे घेत आहोत. गणपतीत डॉल्बीच्या भिंती सोसणाऱ्या शहराने मोराच्या आवाजाबद्दल अर्ज करणे शोभणार नाही. गाडीवर आच्छादन घालता येते, कुंड्यांवर जाळी टाकता येते. बंगल्यातल्या माणसाचे नुकसान हे एवढेच आहे.

शेतकऱ्याचे तसे नाही. त्याने भुईमूग टोकला की मोर आणि लांडोरी सरीने चालत जाऊन दाणे उकरतात. उरलेले उगवले की कोवळे कोंब खुडतात. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि वापसा तोवर निघून गेलेला. दगड मारावा तर गुन्हा, आणि हाकलावे तर सकाळपासून बांधावर बसून राहायचे. मोर पाहण्याचा आनंद गच्चीवर आणि त्याचा खर्च वावरात, अशी ही वाटणी झाली आहे. ती मोडावी, हे या निवेदनाचे मुख्य म्हणणे आहे.

आमच्यातल्या काहींचा आग्रह होता की मोर पकडून राधानगरीच्या जंगलात सोडावेत. ही मागणी आम्ही चर्चा करून वगळली. एक तर कायद्यात शिकार या शब्दात केवळ ठार मारणे येत नाही. पकडणे, फासे लावणे, हुसकावून नेणे आणि पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे हेही त्यातच येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत त्याची शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. स्थलांतराचा रीतसर मार्ग मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीतून जातो आणि तो कुंड्या वाचवण्यासाठी ठेवलेला नाही. दुसरे म्हणजे राधानगरी हे गव्यांचे, धो धो पावसाचे, दाट सदाहरित रानाचे अभयारण्य. आमचा मोर उघड्या माळाचा आणि शेताच्या कडेचा. त्याला तिथे नेऊन सोडणे म्हणजे आपल्या डोळ्यांआड करणे, इतकेच.

त्याला उपद्रवी ठरवावे, असेही कुणी म्हणेल. गोव्यात फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी मोराचे नाव उपद्रवी प्राण्यांच्या संदर्भात घेतले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. कायद्याने ती वाट बंदच आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी उपद्रवी म्हणून जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारलाही नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे दाणे टाकणारे शेजारी आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, पण आमच्या मते मोरांचे अधिक नुकसान तेच करत आहेत. दाण्यांवर मोर येतात, तसेच उंदीर येतात, कुत्री येतात. एकाच जागी रोज गर्दी झाली की रोग पसरायला वेळ लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूने कोंबड्या कशा गेल्या, ते आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय माणसाला न बुजणारा मोर वाईट माणसालाही बुजत नाही.

सवय लागलेल्या मोरांचे पुढे काय होते, हे पाहायला अमेरिकेकडे बघावे. कॅलिफोर्नियातल्या पालोस वर्डेस या समुद्रकाठच्या श्रीमंत वस्तीत शंभर वर्षांपूर्वी हौसेने आणलेल्या मोरांची प्रजा आता मोकाट फिरते. तिथे मोरप्रेमी आणि मोरद्वेष्टे असे तट पडले, नगरपालिकांनी पिंजरे लावले, आणि २०१२ ते २०१४ या काळात रोलिंग हिल्स इस्टेट्स भागात कित्येक मोर मारलेले सापडले. लॉस एंजेलिस काउंटीने अखेर २०२१ मध्ये मोरांना खाऊ घालण्यावर बंदी घातली. फ्लोरिडातल्या पाइनक्रेस्ट गावाने तर २०२३ मध्ये नरांच्या नसबंदीची योजना मंजूर केली. तिथला मोर पाहुणा आहे, त्यामुळे त्यांचे पिंजरे आणि शस्त्रक्रिया आम्हाला नकोत. इथे तो आमच्या आधीपासूनचा आहे. त्यांचा खाऊबंदीचा नियम मात्र आजच उचलण्याजोगा आहे.

घरचे उदाहरणही आहे. मुंबईत मलबार हिलच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या राज्यपालांच्या निवासस्थानात सुमारे ५० एकरांत मोर आहेत. राज्यातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर ते निर्धास्त राहतात, कारण तिथे कुंपण, पहारा, माळी आणि आदेश देणारे एकच कार्यालय आहे. आमच्याकडे जागा त्याच्या सतरापट आहे. कार्यालयेही अनेक आहेत. तेवढीच अडचण आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : या परिसरासाठी एक वनपाल नाव, पद आणि फोन क्रमांकासह नेमावा. १९२६ ही वनविभागाची हेल्पलाइन आहेच. त्यावर या भागातून आलेला फोन कुणाकडे जाणार आणि जखमी पक्षी कोणत्या पशुवैद्यकाकडे नेणार, हे ठरवून विद्यापीठाच्या प्रवेशद्वारांवर, महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. विद्यापीठ, महापालिका, ग्रामपंचायत आणि वीज कंपनी यांची आपल्या अध्यक्षतेखाली बैठक पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि तिला शेतकऱ्यांचे दोन प्रतिनिधी बोलवावेत. निव्वळ पक्षीमित्रांची समिती आम्हाला नको.

दुसरी : मोरांना खाऊ घालण्यास मनाई करणारा आदेश महापालिका व विद्यापीठ यांच्याशी विचारविनिमय करून काढावा. आधी समज, मग दंड. उन्हाळ्यात पाण्याची सोय करायची तर ती वस्तीत न करता विद्यापीठाच्या आत, झाडीजवळ करावी, म्हणजे पक्षी तिकडेच थांबतील.

तिसरी मागणी शेतकऱ्यांची आहे आणि तिच्यावर बंगलेवाल्यांनीही सही केली आहे, याची कृपया नोंद घ्यावी. वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या पीकनुकसानीच्या भरपाईत रानडुक्कर, गवा, हरीण, रोही, माकड, हत्ती यांची नावे येतात. मोराचे नावही तीत स्पष्टपणे यावे, असा प्रस्ताव आपण शासनाकडे पाठवावा. पेरणीच्या दिवसांतले नुकसान वजनात मोजता येत नाही. म्हणून दुबार टोकणीचे बियाणे आणि मजुरी हा हिशेब पंचनाम्यात धरावा. शासनाचा निर्णय होईपर्यंत टोकणीच्या काळापुरत्या जाळ्या आणि चमकत्या पट्ट्या सवलतीत मिळाव्यात. राष्ट्रीय पक्षी राष्ट्राचा असेल, तर त्याचे दाणे एकट्या सरनोबतवाडीने का पुरवावेत?

चौथी : जून ते सप्टेंबर या काळात परिसरातल्या ठरावीक पट्ट्यांत गवत कापणे, झुडपे जाळणे आणि यंत्राने सफाई करणे थांबवावे. लांडोर जमिनीवरच, गवतात चार ते सात अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटी उबवते. स्वच्छता मोहिमेत घरटे उधळले गेले, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच ठरते. हे पट्टे कोणते, ते विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभागांनी दाखवावे. याच विभागांच्या मदतीने दरवर्षी पावसाआधी आणि पावसानंतर मोरांची गणना व्हावी. नेमके मोर किती, यावर आमच्या गल्लीत चहाच्या टपरीवर जे आकडे ऐकू येतात, त्यांवर कोणतेही धोरण आखता येणार नाही.

पाचवी : मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण या भागात प्राधान्याने व्हावे; उघड्या विहिरींवर जाळ्या बसवाव्यात; मोर रात्री ज्या झाडांवर बसतात त्यांच्याजवळून जाणाऱ्या वीजवाहिन्यांना आवरण घालावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातलेला नायलॉन मांजा अजून विकला जातो, त्याची दुकाने तपासावीत.

सहावी मागणी पिसांची. आपोआप गळलेली पिसे देशात बाळगायला कायद्याने सूट आहे आणि ती राहावी. वासुदेवाची टोपी आणि देव्हाऱ्यातले पीस कुणालाही खुपत नाही. पण पावसाळा सरता मोर पिसारा टाकतो, तेवढ्या दिवसांतल्या पिसांनी वर्षभराच्या जत्रा कशा भरतात, हा प्रश्न आम्हाला पडतो. जुडगे विकणाऱ्यांकडची पिसे गळलेली आहेत की उपटलेली, याची तपासणी यात्रांच्या काळात व्हावी.

शेवटची, आपल्या अखत्यारीत पूर्णपणे न येणारी, तरीही आपल्याच शिफारशीची गरज असलेली : विद्यापीठालगत उरलेल्या माळाच्या आणि ओढ्याकाठच्या जमिनींवर नवे रेखांकन मंजूर करताना वनविभागाचे मत घेतले जावे.

या निवेदनावर पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि बैठकीची तारीख मिळावी, ही विनंती. बैठकीला येताना शेतकरी आपल्या दुबार टोकणीच्या पावत्या आणतील. खाऊ घालणाऱ्यांपैकीही काहीजण येणार आहेत. त्यांची समजूत आपणच काढावी, अशी आमची इच्छा आहे.

आपले विश्वासू,
विद्यापीठ परिसरालगतच्या वस्त्यांतील रहिवासी व शेतकरी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. कुलसचिव, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर
मा. सरपंच, ग्रामपंचायत सरनोबतवाडी, ता. करवीर