हुमणी आधी दिसते कुणाला?

आषाढ-श्रावणात आमच्या सिद्धेश्वर परिसरात हळदीची, उसाची खुरपणी चालू असते. खुरप्याच्या टोकानं एखादं ढेकूळ उलटतं आणि आत पांढरी, तपकिरी डोक्याची, विळ्यासारखी वाकलेली अळी दिसते. खुरपणारी बाई ती बांधावर फेकते, "शेणातला किडा हाय गं" म्हणते आणि पुढच्या ओळीला लागते. तीच हुमणी. महिन्या-दीड महिन्यानं उभा ऊस पिवळा पडतो, ओढला की अलगद हातात येतो, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. मग घरातले पुरुष औषधाच्या दुकानाकडे धावतात. तोवर वेळ निघून गेलेली असते.

मैत्रिणींनो, आजचा मुद्दा एवढाच आहे. कीड पहिल्यांदा दिसते ती बाईला, आणि तिच्याविषयीची माहिती मिळते ती ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला.

पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण १९६८ साली पूर्ण झालं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, हळद वाढली. वसमतच्या हळदीचं नाव आज देशभर आहे. पण ही दोन्ही पिकं बराच काळ शेतात उभी असतात आणि त्यांचं सगळं वैभव मातीशी बांधलेलं असतं. जमिनीखालची कीड दिसत नाही, फवारा तिथवर पोचत नाही. म्हणून वर्षानुवर्षं दाणेदार विष मातीत टाकलं गेलं. त्यातल्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आली. ते विष कितीतरी बायाबापड्यांनी उघड्या हातांनी फेकलं आणि त्याच हातांनी भाकरी थापली, याचा हिशेब कुणी ठेवलाय?

विषाशिवाय दुसरा मार्ग शोधण्यात काही माणसांनी आयुष्य घातलं आहे. १८७९ साली ओडेसा शहरात मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं पाहिलं, की गव्हाची नासाडी करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या एका हिरव्या बुरशीनं मरतात. पुढे १९०८ साली त्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं. ती बुरशी म्हणजे मेटारायझियम. तिचे बारीक कण अळीच्या कातडीला चिकटतात, तिथून आत शिरतात आणि काही दिवसांत अळी मरून हिरवट पडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बुरशीवर अनेक वर्षं काम केलं, तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर ती शेतात वापरून पाहिली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातही अशी जैविक औषधं तयार होतात. प्रयोगशाळेतली बुरशी शेतापर्यंत यायला माणसाची उमेदीची सगळी वर्षं जातात. आणि शेवटचं पाऊल अडतं कुठं, तर आपल्या उंबरठ्याशी!

कारण हे काम विषासारखं "टाकलं आणि झालं" असं नाही. बुरशी जिवंत असते. तिला ओल लागते, चांगलं कुजलेलं शेणखत लागतं. बुरशीनाशक औषधात मिसळली तर तीच मरते. अळी लहान असतानाच ती द्यावी लागते. कच्चं शेणखत शेतात टाकलं तर हुमणीला आपणच आवतण देतो. आता सांगा, उकिरडा कुजला की नाही हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळतं?

सगळ्यांत सोपा उपाय तर बिनपैशाचा आहे. मृगाच्या आगेमागे पहिला चांगला पाऊस झाला, की दिवेलागणीनंतर भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. त्यांची एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. त्या चार-आठ रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. पण एकट्यानं करून भागत नाही. शेजारच्या बांधावरचा भुंगेरा आपल्या रानात येतोच. सारा गाव एकाच वेळी निघाला तरच उपयोग. गावाला एकत्र आणण्याची सवय आज कुणाला आहे? बचत गटाला! पायात बूट, हातात बॅटरी घेऊन, घरच्या पुरुषांना नि पोरांना सोबत घेऊन गटानं हे काम अंगावर घ्यावं.

मागे एका शिबिरात मी पाहिलं, खुर्च्यांवर सगळे पुरुष आणि चहाच्या पातेल्याजवळ आपण. साहेबांनी हळदीच्या कंदमाशीबद्दल छान सांगितलं. उघडे पडलेले कंद मातीनं झाका, माशी तिथंच अंडी घालते. आता कंद उघडा पडलेला रोज ज्या बायांना दिसतो, त्यांच्यापर्यंत मात्र एक शब्द पोचला नाही.

शास्त्रज्ञांनी त्यांचं काम केलं. आता कृषी खात्यानं शेतीशाळा बायांच्या वेळेला घ्यावी, दुपारच्या भाकरीनंतर, शेतातच घ्यावी. आणि आपणही चहाचं पातेलं जरा बाजूला ठेवून पुढच्या रांगेत बसावं. खुरपं आपल्या हातात आहे, तर माहितीही आपल्याच हातात यायला हवी. नाही का?